गंधालीचे तीन हव

गंधाली आमच्या बेंचवरची सगळ्यात चिडखोर पोट्टी. रायपूरच्या चौबे कॉलोनीतून लुनावर यायची आणि प्रयोग पहिल्या फटक्यात जमला नाही की जगावर डाफरायची. इलेक्ट्रिकलच्या दुसऱ्या वर्षाला मशीन लॅबमध्ये एका मोटरवर आम्ही चौघं होतो: ती, मी, धर्मपाल आणि रेल्वे क्वार्टरमधला नीलकंठ. विजेचं फिरण्यात रूपांतर कसं होतं हे पुस्तकात अर्ध्या पानात उरकलेलं असे. लॅबमध्ये त्यासाठी घाम, ग्रीस आणि सरांची बोलणी लागत.

मोटरवर भार टाकायला तिच्या चाकाभोवती पट्टा आवळायचा. चाक तापायचं, म्हणून त्याच्या पोकळ कडेत मगाने पाणी ओतायचं. पट्टा-पाणी नीलकंठकडे, स्टार्टरचा दांडा गंधालीकडे. एकदा गंधालीबाईंना घाई झाली. नीलकंठचा हात पट्ट्यावर असतानाच तिने दांडा सरकवला आणि त्याच्या अंगठ्याचं नख गेलं. त्याने हूं की चूं केलं नाही, पण ही ढसाढसा रडायला लागली. तर हाच तिला म्हणतो, "तू काहून रडून राहिली? नख माह्यं गेलं ना!"

तेव्हापासून तिने नियम केला. "चालू करू?" असं ती विचारणार, आणि आम्ही तिघांनी एकेक करून "हव" म्हटल्याशिवाय दांड्याला हात लावणार नाही. रायपुरात होकाराला हव पुरतं. बाकीचे बेंच आम्हाला हसायचे. हसू देत. आमच्या बेंचवर पुन्हा कुणाला खरचटलं नाही.

पुढे तिने लग्नही त्या नखवाल्याशीच केलं. घरी मिक्सर लावायचा तरी स्वयंपाकघरातून "चालू करू?" आणि बाहेरून पेपरामागून नीलकंठचं "हव". मी जेवायला गेलो की हसून हसून माझी पुरेवाट व्हायची.

गंधाली आमच्याच कॉलेजात शिकवायला लागली. हल्ली ती रोबोटिक्स शिकवते आणि पोरांना दरडावते, "रोबोटच्या कोपरात काय आहे? मोटरच आहे ना? मग आधी ती शिका." मागच्या वर्षी नीलकंठ हार्ट अटॅकने गेला. तेव्हापासून तिचं दरडावणंही कमी झालं, आणि मला ते मुळीच आवडलं नाही.

यंदा मशीन लॅबच्या जागी रोबोटिक्सची लॅब करायचं ठरलं. आमची मोटर हलवण्याआधी एकदा चालवायची, म्हणून गंधालीने आम्हाला बोलावलं. धर्मपाल कोरब्याहून आला. तिची लेक ईरा त्याच कॉलेजात तिसऱ्या वर्षाला आहे, तीही आली. या पोट्टीला मराठी सगळं समजतं, पण उत्तर हिंदीत देते. नीलकंठने चिडवून चिडवून हात टेकले होते.

मी पट्टा आवळला आणि बाजूला झालो. गंधाली दांड्यापाशी उभी राहिली.

"चालू करू?"

"हव," मी म्हणालो.

"हव," धर्मपाल म्हणाला.

ती सवयीने थांबली. थांबूनच राहिली. धर्मपाल भाबडेपणाने म्हणाला, "मी अजून एकदा म्हणू का?" त्याच्यावर ती जी खेकसली! मग दांड्यावरून नजर काढून मला म्हणाली, "मले नाही जमत रे शेखर. राहू दे. तशीच घेऊन जाऊ दे मोटर हमालांना."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं.

ईराने मांडीवरचा लॅपटॉप बंद केला. कोपऱ्यातला मग नळावर भरला आणि ती चाकापाशी येऊन उभी राहिली, बरोबर नीलकंठच्या जागी. ती गोष्ट तिने घरी हजारदा ऐकली असणार.

"हव, आई," ती म्हणाली. "कर चालू."

गंधालीने आधी लेकीचे हात कुठे आहेत ते पाहिलं. दोन्ही मगावर होते. मग तिने दांडा सरकवला.