गिल्लीदंडा, परकोट आणि सिरोंच्याची बस

माझी थोरली बहीण मंगलाताई पौषात गेली. तेराव्यानंतर तिची मुलगी प्राची माझ्याजवळ येऊन बसली आणि तिने विचारलं, "मामा, आई लहानपणी काय करायची? तिने कधी काही सांगितलंच नाही."

मी म्हणालो, "अभ्यास."

प्राचीला ते पटलं. तिने पाहिलेली आई तशीच होती. शाळेत गणित शिकवणारी, कमी बोलणारी, सगळं वेळेवर करणारी.

पण ते खरं नव्हतं. बारा वर्षांची होईपर्यंत मंगलाताई चंद्रपूरच्या आमच्या गल्लीतल्या सगळ्या पोरांना गिल्लीदंड्यात हरवायची. पुण्यामुंबईकडे विटीदांडू म्हणतात तोच हा खेळ. तो एका दिवसात बंद झाला आणि बंद करणारा मी होतो. मी घरी चुगली केली होती. हे तिला माहीत होतं का, माहीत असेल तर तिने मनात ठेवलं होतं का, हे मी तिला पन्नास वर्षांत विचारलं नाही. आता ते सांगू शकेल असं एकच माणूस उरलं होतं, तिची तेव्हाची मैत्रीण शहनाज. फेब्रुवारीच्या शेवटी मी नागपूरहून निघालो.

या ब्लॉगवर मी निवृत्तीनंतर किल्ले, धरणं आणि एसटीच्या वेळा याबद्दलच लिहीत आलो आहे. याही लेखात रस्ता आणि खाणंपिणं आहेच. वाघ मात्र नाही. चंद्रपूरला जातो म्हटल्यावर शेजाऱ्यांनी ताडोबाचं बुकिंग झालं का विचारलं. मी नुसतं "बघू" म्हणालो.

पहिला दिवस. नागपूरहून चंद्रपूरला गाड्या भरपूर आहेत. साधारण साडेतीन तास लागतात आणि तिकीट अडीचशेच्या आतबाहेर. सकाळी निघणार असाल तर उजवीकडची खिडकी घ्या, डावीकडे सगळं ऊन येतं. वरोऱ्याला गाडी दहा मिनिटं थांबली. कापसाच्या गाड्यांमुळे स्टँडबाहेर ही गर्दी. आलूबोंडा तर्री घालून घेतला. तर्री झणझणीत होती, पाण्याची बाटली जवळ असू द्या.

चंद्रपूरला स्टँडजवळच्या लॉजवर सामान टाकलं आणि चालत जटपुरा गेटमधून शहरात शिरलो. आमची गल्ली पार दुसऱ्या टोकाला, पठाणपुरा गेटकडे, परकोटाला लागून होती. परकोट म्हणजे शहराभोवतीची जुनी दगडी भिंत. उन्हाळ्यात दुपारभर गल्ली तापलेली असायची. पाच वाजले की परकोटाची सावली हळूहळू अंगावर आल्यासारखी आत सरकायची. ती नळापर्यंत पोचली की पोरं बाहेर. मुली विझलेल्या सिगडीतला कोळसा आणून रस्त्यावर बिल्लसचे चौकोन आखायच्या आणि लंगडी घालत खापराचा तुकडा सरकवायच्या. आम्ही कंचे, म्हणजे गोट्या खेळायचो, रेसटीप खेळायचो. ज्याच्यावर राज्य येई तो परकोटाला कपाळ टेकवून शंभर म्हणायचा. उठला की कपाळावर दगडाची नक्षी उमटलेली असे.

मंगलाताई बिल्लस खेळत नसे. शहनाजचे अब्बा सुतार होते. त्यांनी सागाच्या उरलेल्या तुकड्याचा एक दांडा तिला करून दिला होता, मुठीशी जरा बारीक. ती वाकून गिल्लीच्या टोकावर टोला द्यायची, गिल्ली छातीएवढी उडाली की थोडी थांबायची आणि मग मारायची. त्या थांबण्यात फसून पोरं पुढे धावत यायची आणि गिल्ली त्यांच्या डोक्यावरून जायची.

मी नऊ वर्षांचा होतो. त्या दिवशी तिने माझी गिल्ली हवेत झेलली. मी टप्पा पडला म्हणून भांडलो, ती हसली, सगळे हसले. नंतर तिचा टोला परकोटावर गेला. गिल्ली आणायला ती दगडांच्या खाचांत पाय रोवून वर चढली आणि फ्रॉक खोचून भिंतीवरून वळणापर्यंत चालत गेली. खाली शहनाज टाळ्या पिटत होती. जेवताना मी म्हणालो, "बाबा, मंगला परकोटावर चढली." बाबांनी घास खाली ठेवला. "उद्यापासून घरात," एवढंच म्हणाले.

आता गल्लीत सिमेंटचा रस्ता आहे आणि दोन्ही बाजूंना मोटारसायकली उभ्या असतात. खेळायला म्हणाल तर दोन हात जागा. आमच्या घराच्या जागी दुमजली इमारत आहे. शहनाजचा धाकटा भाऊ सलीम मात्र तिथेच, अब्बांच्याच दुकानात दरवाजे-खिडक्या करतो. मी उंबऱ्याशी उभा राहिलो तसा त्याने चष्मा वर केला.

"कोन? बबलू? अरे बाप्पा, केस कुठी ठेवून आला बे?"

"नागपूरला."

"तुले कंचे बी सांभाळता येत नोते, केस काय सांभाळशील!" त्याने पोत्यावरचा भुसा झटकून मला बसवलं. चहा मागवला. मंगलाताईचं त्याला कळलं होतं, त्यानेच शहनाजला फोन केला होता. ती लग्न होऊन सिरोंच्याला गेली ती तिथलीच झाली होती.

"तिचा नंबर देतोस का? फोनवर बोलतो."

"फोन कायले? जाऊन पाय. आपाच्या गुडघ्यानं तिले येता येत नाई. लय रडली ते." मग म्हणाला, "तुमच्या घरचं कोनी यावं, असं म्हनत होती."

दुसरा दिवस. चंद्रपूर ते सिरोंचा हा पूर्ण दिवसाचा प्रवास धरा. सकाळी साडेसहाला निघालो. बल्लारपूर, गोंडपिपरी, आष्टी. आष्टीच्या आधी वैनगंगेचा पूल ओलांडला की गडचिरोली जिल्हा. दुपारी आलापल्लीला उतरलो. वरण-भात-वांग्याची भाजी, ऐंशी रुपये, भात हवा तेवढा. तिथून सिरोंच्याची दुसरी गाडी. दोन्ही बाजूंना सागाचं जंगल. या दिवसांत पानं गळून वाटेवर पापडासारखी पडलेली असतात. रस्त्याचं काम चालू आहे. जिथे झालं आहे तिथे उत्तम, नाही तिथे देवाचं नाव घ्या. नाकाला बांधायला रुमाल हवाच.

माझ्या पुढच्या बाकावर टोपली घेऊन बसलेल्या बाईंनी कंडक्टरला विचारलं, "भाऊ, सिरोंचाले किती वाजता लागन?"

"रस्त्याले विचारा नं बाई, मले काऊन विचारता?"

"रस्ता बोलते का?"

"तुमच्या कमरेले सांगूनच राह्यला नं मघापासून!"

सगळी गाडी हसली. मीही हसलो. पौषानंतर पहिल्यांदाच, हे नंतर लक्षात आलं. पुढे पुढे गाडीतलं बोलणं तेलुगूत वळत गेलं आणि सिरोंच्याला उतरलो तेव्हा दुकानांच्या पाट्याही निम्म्या तेलुगूत होत्या.

शहनाजआपाचं घर त्यांच्या कापडाच्या दुकानाच्या मागेच आहे. दुकानात ती गिऱ्हाइकाशी तेलुगूत घासाघीस करत होती. मला पाहून तिने कापड तसंच सोडलं, भिंतीचा आधार घेत उठली आणि माझ्या खांद्यावर हात ठेवून नुसती उभी राहिली. मग म्हणाली, "पाय, किती धूळ आनली. तोंड धू आधी."

मी गोदावरीवर फिरायला आलो आहे, वगैरे काही सांगितलं नाही. चहा होईपर्यंत सरळ विचारलं. परकोटाचं बाबांना मी सांगितलं होतं, हे ताईला ठाऊक होतं का?

ती आधी हसली. "तुले काय वाटते, तूच सांगितलं? अरे, सांजेपर्यंत तुह्या बापाले चार जनांनी सांगितलं होतं. माह्या अब्बांनी बी. पोरगी पडन, हातपाय मोडन म्हनून. आन् तू सांगितलं, ते बी तिले माहीत होतं. दुसऱ्याच दिवशी मले म्हने, बबलूनं चाडी केली."

"मग राग धरला असेल."

"त्याचा नाई."

ती बशीत चहा ओतत होती. ओतून झाला तरी मान वर करेना.

"त्याचा नाई म्हणजे?"

"दुसऱ्या दिवशी तू तिचाच दांडा घेऊन गल्लीत आला. तिच्या खिडकीखालीच खेळून राह्यला होता. त्याचा राग आला तिले. म्हने, चाडी केली तं केली, दांडा तं मले मागून न्यायचा होता."

मला हे आठवत नव्हतं. मी तसं म्हणालोही. आणि म्हणता म्हणता आठवलं. मुठीशी बारीक झालेला तो साग, माझ्या हाताला बरोबर बसणारा. खिडकीकडे पाहिल्याचं मात्र आठवत नाही.

"किती दिवस होता राग?"

"राग कुठचा टिकते? आठ दिवस. मी तिच्याजवळ जाऊन बसो तं हसे. म्हने, पाय शहनाज, कसा धरून राह्यला, गिल्ली उडनच नाई." तिने बशी माझ्याकडे सरकवली. "पन खिडकीत ती दोन उन्हाळे बसली, भाऊ."

पन्नास वर्षं मी एका चुकीबद्दल अपराधी वाटून घेतलं, आणि तिला लागलं होतं ते दुसरंच.

रात्री भात, तूरडाळीचं पप्पू आणि नदीतली मासळी जेवलो. लॉजवर जाऊ दिलं नाही. (सिरोंच्यात लॉज मोजकेच आहेत, आधी फोन करून जा.) सकाळी गोदावरीवर गेलो. पाणी दूर गेलं होतं. वाळूतून बरंच चालावं लागतं, तेव्हा उन्हाआधी जा. कोळी जाळी झटकत होते, पलीकडे तेलंगणा. तासभर बसून परत आलो.

निघताना शहनाजआपा दारापर्यंत आली. "तिच्या पोरीले काय सांगितलं तू?"

"अभ्यास करायची म्हणून."

"हट! खरं सांग तिले. तिची माय काय होती ते सांग. आन् तुह्याबद्दल बी सांगजो, तेवढं गाळू नको."

परतीचा प्रवास त्याच रस्त्याने, दोन दिवसांत. एकूण खर्च अडीच हजारांच्या आत बसला. जाणाऱ्यांनी पावसाळ्यात जाऊ नये, नाले चढतात. आलापल्लीच्या पुढे फोन लागेलच असं नाही. त्या रस्त्यावर मला बरं वाटलं, एवढं सांगतो. मन हलकं झालं म्हणणार नाही. तसं झालं नाही. पण आता ताई आठवते ती परकोटावरून चालत जाणारी आठवते. दवाखान्यातली ताई त्यामागे जरा सरली आहे.

रविवारी प्राची घरी आली. मी तिला सगळं सांगितलं. कोळशाचे चौकोन, सागाचा दांडा, ते थांबून मारणं, परकोट, माझी चुगली, खिडकी. मध्ये तिने एकदाच विचारलं.

"दोन उन्हाळे? आणि तू एकदाही वर पाहिलं नाहीस?"

"नाही."

तिने कप खाली ठेवला. मला वाटलं, आता उठून जाईल. हक्कच होता तिला.

"आम्ही कॉलनीत क्रिकेट खेळायचो ना, तेव्हा आई गॅलरीत येऊन उभी राहायची," ती म्हणाली. "आम्हाला वाटायचं, अभ्यासाला बोलवायला आली. तिला पाहिलं की आम्ही स्टंप उचलून घरी जायचो."

"रागवायची का?"

"नाही रे मामा. तिने कधी बोलावलंच नव्हतं. आम्हीच जायचो."