बाहुलीच्या कपड्यांची आतली बाजू

ताईच्या हातचं शिवण मी आठ महिने चोरून उसवत होते. उसवायचं, पुन्हा शिवायचं आणि शनिवारी तिला सांगायचं की तुझा फ्रॉक फार सुंदर झालाय. हे सगळं सविस्तर मी अजून कुणालाच सांगितलेलं नाही.

ताई माझ्यापेक्षा आठ वर्षांनी मोठी. डोंबिवली पूर्वेला तिसऱ्या मजल्यावर तिचं घर होतं. पुढच्या खोलीत खिडकीशी मशीन, भिंतीवर खिळ्याला टांगलेले कागदी फर्मे, पलंगाखाली चिंध्यांच्या पिशव्या. तिथे बसून तिने जवळजवळ चाळीस वर्षं ब्लाउज शिवले. आसपासच्या चार इमारतींतल्या बायकांच्या पाठी तिला अक्षरशः पाठ होत्या. मी ठाण्याला नौपाड्यात एकटी राहते. लग्न केलं नाही, सरकारी कार्यालयात नोकरी केली आणि निवृत्त झाले. मी शाळेत असताना मला शिवण शिकवलं ते ताईनेच, आणि शिकवताना ती फार कडक होती. टीप जरा वाकडी गेली की कापड माझ्या मांडीवर परत टाकायची. "उसव," एवढंच म्हणायची. मी रडले तरी तिला काही वाटायचं नाही.

गुडघे कुरकुरायला लागले तेव्हा तिने ब्लाउज घेणं बंद केलं. मेहुणे जाऊन बरीच वर्षं झाली होती, मुलगा-सून बाळकुमला. दिवसभर ती नुसती बसून असायची आणि फोनवर माझ्याशी कशावरूनही वाद घालायची.

मग एका मे महिन्यात तिची नात सुट्टीला आली, सोबत एक बाहुली घेऊन. वीतभरापेक्षा थोडी मोठी, लांब पायांची, अंगठी घालता येईल अशा कमरेची. भिंतीवर ताईचा चौदाव्या वर्षीचा फोटो होता. गोल कॉलर, फुग्याच्या बाह्या, कमरेला मागे बांधलेला पट्टा. तो फ्रॉक आमच्या आईने शिवलेला. नात म्हणाली, "आजी, हिला असाच्या असा शिव ना."

दोन दिवसांनी ताईचा फोन आला. "अगं, काखेचा गोलावा करंगळीएवढा आहे! मशीनवर जातच नाही. सगळं हाताने केलं." तिचा असा आवाज मी कित्येक वर्षांत ऐकला नव्हता.

तिथून ते आम्हा दोघींचं झालं. दर शनिवारी मी डोंबिवलीला जायचे. बाहुल्या आम्ही विकत आणायचो, पण अंगावरचे चकचकीत कपडे काढून टाकायचो आणि आमच्या लहानपणी, तरुणपणी बायका जे घालायच्या ते शिवायचो. खणाचं परकर-पोलकं. कोपरापर्यंत बाह्यांचा बंद गळ्याचा ब्लाउज आणि वायलची साडी. एकदा घट्ट कुर्ता आणि बेलबॉटम. तसा पोशाख ताईने कॉलेजात एकदाच घातला होता आणि बाबा दोन दिवस तिच्याशी बोलले नव्हते. कापड जुनंच लागायचं, कारण हल्लीच्या कापडावरचं एक फूल बाहुलीचं अख्खं पोट झाकतं. ओळखीच्या बायका विरलेल्या साड्या आणून द्यायच्या. बटणांच्या जागी मणी लावायचो. मी एकदा म्हटलं, काज करत बसण्यापेक्षा वरून नुसता मणी टाकू, मागे टिचबटण लावू. ताईने चष्म्यावरून बघितलं. "बाहुली आहे म्हणून तिला फसवायचं का?"

सुनेने फोटो काढून फोनवर टाकले आणि मागण्या यायला लागल्या, त्याही लहान मुलींच्या नव्हे, मोठ्या बायकांच्या. बेतणं आणि मशीनच्या टिपा माझ्याकडे. कॉलर, लेस, खालची दुमड, काजं हे हाताचं बारीक काम ताईकडे. झालेले कपडे मी इस्त्रीसाठी ठाण्याला घेऊन यायचे.

होळीच्या थोडं आधीची गोष्ट. मलईच्या रंगाचा एक फ्रॉक इस्त्रीला घेतला तर खाली इंचभर लेस सुटलेली दिसली. सुई दुमड सोडून भलतीकडून गेली होती, दोरा नुसता लोंबत होता. दमली असेल, म्हणून मी तेवढं उसवून नीट केलं. शनिवारी तिने विचारलं, "लेस कशी बसली?"

"छान बसली," मी म्हटलं.

पुढच्या कपड्यात दोन इंच होतं. मग एक काज मण्यापासून बरंच लांब पडलेलं. जूनपर्यंत अख्ख्या कॉलरी उसवाव्या लागायला लागल्या. दुपारी जेवण झालं की मी गॅलरीत उजेडाला बसायचे, तिचा दोरा ब्लेडने कापून चिमट्याने ओढून काढायचे आणि पुन्हा शिवायचे. दोऱ्याचे ते तुकडे कागदात गुंडाळून टाकायचे, जणू कुणी बघणार होतं.

बाकीच्या गोष्टीही दिसत होत्या. चहा कपाच्या शेजारी ओतला जायचा. दाराच्या चौकटीला तिचा खांदा लागायचा. जिना उतरताना ती पावलाने पुढची पायरी चाचपायची. "मोतीबिंदू असेल, पिकला की काढू," म्हणायची. मीही तेच धरून चालले होते. मोतीबिंदू काय, सगळ्यांनाच होतो.

एका रविवारी मीही तिथे होते. भाचा आला होता. तो म्हणाला, "आई, उद्या सुट्टी टाकतो, डोळे चेक करून येऊ."

ताईने टेबलावरचा एक इवलासा कोट उचलला आणि त्याच्या हातात दिला. "हे बघ. तांदळाएवढे टाके आहेत. डोळे गेलेल्या बाईला जमेल का हे?"

त्याने कोट उलटा-सुलटा केला, मग माझ्याकडे बघून हसला. "मानलं हं आई."

कोटाची ती कॉलर मी शिवलेली होती. मी शेंगा सोलत होते, त्या सोलतच राहिले.

तेव्हा मी बोलायला हवं होतं. का बोलले नाही, याचं एक उत्तर मी स्वतःला लगेच देते: शिवण सुटलं तर ती पुन्हा पहिल्यासारखी भकास होऊन बसेल, ही भीती होती. ते खरंच आहे. पण आणखी एक कारण होतं, आणि ते कबूल करायला मला फार वेळ लागला. आयुष्यात पहिल्यांदा माझं शिवण ताईपेक्षा चांगलं होतं. ते फक्त मला माहीत होतं, आणि मला ते आवडत होतं.

दिवाळीच्या आधी नौपाड्यातल्या एका हॉलमध्ये हस्तकलेचं प्रदर्शन होतं. आम्ही एक टेबल घेतलं, वीसेक बाहुल्या ओळीने उभ्या केल्या. ताई अबोली रंगाची साडी नेसून खुर्चीवर बसली होती. बायका थांबत होत्या, ओळखीचे कपडे बघून आपल्या आयांची, आत्यांची नावं घेत होत्या. एक वयस्कर बाई एका फ्रॉकपाशी उभ्या राहिल्या. "माझा शाळेतला अस्साच होता. आतूनही इतकंच नीट केलंय का हो?"

"आतून बघूनच घ्यावं," ताई म्हणाली. तिने बाहुलीच्या अंगातून फ्रॉक काढला, उलटा केला आणि दाखवण्यासाठी कडेवरून अंगठा फिरवला. अंगठा मध्येच थांबला. ती पुन्हा पहिल्यापासून चाचपत गेली.

"हे कुणी शिवलं?" तिने मला हळूच विचारलं.

"तूच की गं."

"नाही. मी गाठ मारून दोरा दुमडीत ओढून घेते. इथे गाठ वर आहे." तिने नखाने ती गाठ दाखवली. "ही तुझी सवय. कधी गेली नाही ती."

त्या बाई आमच्याकडे बघत होत्या. ताईने त्यांना फ्रॉक दिला, "बघा तुम्ही," म्हणाली आणि पुढची बाहुली उचलली. मग त्याच्या पुढची. एकेकीचा कपडा वर करून ती आतून बोट फिरवत होती. सातव्या की आठव्या बाहुलीनंतर तिने हात मांडीवर ठेवले आणि प्रदर्शन संपेपर्यंत कशालाही हात लावला नाही.

रिक्षात बसल्यावर तिने विचारलं, "कधीपासून?"

"होळीच्या आधीपासून."

तिने बोटांवर महिने मोजले. "आठ."

"ताई, तुला वाईट वाटेल म्हणून…"

"मी तुझं कधी चुकीचं चालवून घेतलं का? एकदा तरी?"

"नाही."

"मग?"

माझं घर येईपर्यंत ती बाहेर बघत होती. बाहेरचं तिला किती दिसत होतं, मला माहीत नव्हतं. इतक्या महिन्यांत मी ते विचारलंच नव्हतं.

दोन दिवसांनी खोपटला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेलो. भाचाही आला होता. तपासण्या बराच वेळ चालल्या. डॉक्टरांनी आम्हाला आत बोलावलं आणि ताईशीच बोलले, ते मला बरं वाटलं.

"मोतीबिंदू थोडा आहे, पण त्रास त्याचा नाही. काचबिंदू आहे, दोन्ही डोळ्यांत. डावा जवळजवळ गेलाय. उजव्यात मधलं थोडं शिल्लक आहे. यात कडेची नजर आधी जाते, हळूहळू, म्हणून माणसाला कळत नाही."

"परत येईल ना?" ताईने विचारलं.

"गेलेली येत नाही आजी. आहे ती राखायची."

ताईने भाच्याला सांगितलं असावं. तो म्हणाला, "डॉक्टर, आठ महिने आधी आलो असतो तर?"

डॉक्टर म्हणाले, "आज आहे त्यापेक्षा जास्त वाचलं असतं. किती, ते नाही सांगता येणार."

बाहेर ताई औषधाच्या दुकानापाशी बाकावर बसली होती. भाच्याने मला बाजूला घेतलं. तान्हा होता तेव्हापासून त्याला मी मांडीवर खेळवलंय. "मावशी, तुला माहीत होतं?"

"काचबिंदू आहे हे नव्हतं रे माहीत."

"ते नाही विचारत मी."

मी मानेनेच हो म्हटलं. तो आईकडे गेला आणि तिचा हात धरून तिला रिक्षात बसवलं. तिसऱ्याला जागा होती, पण मला कुणी ये म्हटलं नाही. मी नौपाड्यापर्यंत चालत आले.

उजव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. डोळ्यातला दाब उतरला, पण नजर होती तेवढीच राहिली. एकटीने जिने चढणं-उतरणं शक्य नव्हतं, म्हणून ताई बाळकुमला मुलाकडे राहायला गेली. डोंबिवलीचं घर आवरायला मी आणि सून गेलो. मशीन तिच्या इमारतीतल्या एका नव्याने शिकणाऱ्या मुलीला दिलं. फर्म्यांच्या मागे बायकांची मापं पेन्सिलीने लिहिलेली होती, त्यांतल्या कितीतरी बायका आता हयात नाहीत. सुनेने विचारलं, "मावशी, हे ठेवायचेत?" मी ताईला फोन लावला. "टाकून द्या," ती म्हणाली आणि नातीची परीक्षा कशी चालली आहे ते सांगायला लागली.

ज्यांनी बाहुल्या मागितल्या होत्या त्या सगळ्यांना मी कळवलं की आम्ही थांबलो. एकीने दुसऱ्यांदा विचारलं म्हणून एक परकर-पोलकं एकटीने शिवायला घेतलं. काठ सरळ बसला, गळा बसला, काजंही बरी जमली. ते बाहुलीला घालून टेबलावर उभं केलं आणि त्यात काय चुकलंय ते सांगणारं कुणी नव्हतं. मीच पुन्हा पुन्हा बघत बसले. ते पार्सल पाठवल्यावर मी सुईला हात लावलेला नाही.

आता शनिवारी मी बाळकुमला जाते. उंच इमारत आहे, लिफ्टमध्ये गाणं वाजतं. भाचा नीट बोलतो, चहा घेतलास का विचारतो, पण पूर्वीसारखा माझी खोडी काढत नाही. ताई खिडकीशी बसलेली असते. मी गेले की म्हणते, "उजवीकडे बस, म्हणजे तोंड तरी दिसेल तुझं." आम्ही भाज्या, नातेवाईक, नातीचे मार्क असं बोलतो. बाहुल्यांचं नाव निघत नाही. मी माफी मागितलेली नाही. मागायला गेले की तिलाच मला समजवावं लागेल, आणि तेवढं तरी तिच्यावर येऊ नये असं वाटतं.

गेल्या शनिवारी सून बाहेर गेली होती, म्हणून दुपारचे थेंब मी घातले. ताईने मान मागे टाकली. तिच्या डोळ्याखालची कातडी मी बोटाने जरा ओढली. इतक्या जवळून तिचा चेहरा मी बऱ्याच दिवसांनी बघत होते. थेंब पडला, तिने डोळे मिटले आणि तसेच मिटलेले ठेवून म्हणाली, "मला वाईट वाटू नये म्हणून केलंस, ते कळतं मला."

मी टेबलावरचा कापूस उचलला.

"पण डोळे माझे होते गं."

"हो," मी म्हटलं.

मिटलेल्या पापणीतून औषध गालावर ओघळलं, ते मी कापसाने टिपलं. दुसरं औषध पाच मिनिटांनी घालायचं असतं. मी पहिल्या बाटलीचं झाकण लावलं, ती फ्रिजच्या दारात ठेवून आले आणि तिच्या उजवीकडे बसले. घड्याळाकडे बघत पाच मिनिटं मोजत राहिले.