आनी प्वाट

माझ्या टेबलावर बसून बिस्किट चघळणारं ते पोर अजून डोळ्यांपुढून हलत नाही. नोकरीत मी दरोडे उघडकीस आणले, खुनाचे तपास केले, दोनदा डोकं फोडून घेतलं. पण कुणी विचारलं, 'साहेब, तुमची सगळ्यांत मोठी केस कुठली?' तर मी या अडीच वर्षांच्या पोराचीच सांगतो. विचारणारा हिरमुसतो. हिरमुसू दे बापडा.

ऐंशीच्या दशकाची सुरुवात असेल. मी निपाणीला फौजदार होतो. निपाणीचं ठाणं म्हणजे सरहद्दीवरचं ठाणं. लोक फिर्याद मराठीत सांगायचे, आम्ही कागद कन्नडमध्ये करायचो आणि शिव्या दोन्ही भाषांत चालायच्या. त्या महिन्यात मुलं पळवणारी टोळी आल्याची आवई उठली होती. एकही पोर गेलं नव्हतं, पण आयांनी पोरांना दारात सोडणं बंद केलं होतं.

रविवार होता. दुपारचे दोन वाजले असतील. बसस्टँडचा कॅन्टीनवाला स्वतः ठाण्यात आला. हा माझा फार भरवशाचा माणूस. खबऱ्या नव्हे, फक्त डोळे उघडे ठेवून चहा गाळणारा.

"सायेब, स्टँडवर एक बाई पोरगं घिऊन बसलीया. पोरगं तिचं न्हाय."

"कशावरून?"

"पोराला लई शेंबूड आलाय. पन ते तिच्या पदराला पुसंना, सोताच्या बाहीला पुसतंय. आपलं मानूस असतं तर पदर वढलाच असता की."

कुठल्याही पोलीस ट्रेनिंगमध्ये हे शिकवत नाहीत. मी हवालदाराला घेऊन निघालो.

बाई पन्नाशीच्या आतबाहेरची. धुवट लुगडं, कपाळाला ठसठशीत कुंकू, हाताला तंबाखूच्या कामाचा तपकिरी डाग. आम्हाला बघून तिचा चेहरा पांढराफटक पडला. पोर कुणाचं विचारलं तर म्हणाली, "माझ्या भनीचं. कागलच्या. चार दिस ऱ्हायाला आनलंय." गाव विचारलं तर बोरगाव. बसचं तिकीट? टाकून दिलं. एवढ्यात कॅन्टीनवाला मागून म्हणाला, "सायेब, बोरगावची म्हनती, आन मघाशी अक्कोळची गाडी इचारत हुती!"

झालं. स्टँडवर 'पोरं पळवणारी घावली' अशी एकच आरोळी उठली. तिला ठाण्यात आणीस्तोवर शंभरेक माणूस मागून आलं.

मी जबाब घ्यायला बसलो. पोराचं नाव विचारलं. बाई जरा थांबली आणि म्हणाली, "बाळू." मी हाक मारली, "ए बाळू!" पोर खिडकीतल्या चिमणीकडे बघत राहिलं. राजा, पिंट्या, सोन्या, सगळी नावं झाली. पोर ढिम्म. हवालदार दात-ओठ खात होते. मनाने वाईट नव्हते, पण जुन्या वळणाचे. म्हणाले, "सायेब, दोन ठिवून दिल्या की पटापटा बोलंल."

"हवालदार, बाईला कुणी हात लावायचा नाही. तुम्हीही नाही आणि बाहेरच्यांनीही नाही."

ठाण्यात तेव्हा एकही महिला पोलीस नव्हती. म्हणून क्वार्टरमधून हवालदारांच्या मंडळींना बोलावणं धाडलं आणि दरम्यान कागलला फोन लावला.

आता माझी अडचण ऐका. बाई खरोखर मावशी असली तर भर बाजारातून मी एका अब्रूदार बाईची धिंड काढली होती. आणि पोर पळवलेलं असलं तर तिला सोडताच ते कायमचं गेलं. नाका ओलांडला की राज्य दुसरं, पोलीस दुसरे. पत्रं जाणार, पत्रं येणार, तोवर पोर आईचं तोंड विसरणार. मिसरूड फुटल्यापासून मी खाकी घातली होती, पण इतका घाम त्या दुपारीच फुटला.

पोर मात्र खुशाल टेबलावर बसलं होतं. अधूनमधून 'आक्कोऽ' म्हणून हुंदका द्यायचं आणि मग पोटावर थापट्या मारत एकच धोशा लावायचं, "आनी प्वाट! आनी प्वाट!"

आमच्याकडे आणखी हवं असलं की 'आनी दे' म्हणतात. त्यात पोट थोपटतंय म्हटल्यावर शंकाच नको. हवालदारांनी बिस्किटाचा पुडा फोडला. पुडा संपला. "आनी प्वाट!" मग दूध आलं. मग केळं. "आनी प्वाट!" हवालदार कौतुकाने म्हणाले, "काय भूक हाय रं तुजी, भीमाचा अवतार हाईस!" भीमाने त्यांच्या इस्त्रीच्या युनिफॉर्मवर सगळं भडाभडा ओकून टाकलं. त्या तशा प्रसंगातही आख्खं ठाणं हसलं. एक ती बाई सोडून. ती चटकन उठली, पदर ओला करून पोराचं तोंड पुसलं आणि परत कोपऱ्यात जाऊन बसली.

ते माझ्या नजरेत राहिलं. खोटं बोलणारी माणसं मी पुष्कळ बघितली आहेत. कुणी तुमच्या डोळ्याला डोळा लावून बोलतं, कुणी दाराकडे बघत बोलतं. ही बाई बोलताना सारखी पोराकडे बघत होती.

चारच्या सुमारास कागलचा फोन आला. बाईची बहीण खरी होती, पत्ता खरा होता. पण तिला दोन मुली, दोघी लग्न होऊन गेलेल्या. घरात लहान पोर नाही. मी बाईपुढे स्टूल ओढून बसलो आणि हे सांगितलं. तिने पदर तोंडावर घेतला. वरिष्ठांचाही फोन आला. "आता कशाची वाट बघता? तीनशे त्रेसष्टखाली अपहरणाचा गुन्हा दाखल करा, उद्या कोर्टात उभी करा." त्यांचंही चुकत नव्हतं. कागदावर सगळं तिच्या विरुद्ध होतं. बाहेर तर 'आमच्या ताब्यात द्या' म्हणून गिल्ला चालला होता. "साहेब, एक तास द्या," एवढंच मी म्हणालो.

मी सगळ्या चौकश्या कागल-कोल्हापूरकडे करत होतो. पोराची बोली मराठी, बाई म्हणते कागल, मग पोर पलीकडचंच असणार असा माझा हिशेब. दक्षिणेकडे, आमच्याच राज्यात, मी एकही फोन केला नव्हता. ही चूक माझी, ती मी कुणावर ढकलत नाही.

एवढ्यात, बाजाराला गेलेल्या हवालदारांच्या मंडळी निरोप मिळून आल्या. वहिनींचं माहेर बैलहोंगलकडचं, घरात कन्नड. नवऱ्याचा अवतार बघून आधी त्यांना हसू आवरेना. मग त्यांनी पोराला मांडीवर घेतलं. पोराने सुरू केलं, "आनी प्वाट!" मी म्हणालो, "वहिनी, आता काही खायला देऊ नका, पोट बिघडेल त्याचं."

वहिनींनी कान देऊन ऐकलं. मग पोराला विचारलं, "आनी एल्लैती, मरी?"

पोराने डोळे एवढे मोठे केले, दोन्ही हात वर नेले आणि ओरडलं, "आनीऽऽ! मोट्टी!"

वहिनी माझ्याकडे वळल्या. "साहेब्र, हे लेकरू आनखी मागत न्हाय. हत्ती म्हनतंय. आमच्यात हत्तीला आनी म्हनत्यात. 'हत्ती कुटं हाय, बाळा' असंच इचारलं मी त्येला."

"अहो, पण पोर मराठी बोलतंय!"

"शेजारी कन्नड असतील. लेकरं दोन्हीकडचं उचलत्यात. माझी न्हाई का उचलली?"

हत्ती. पोट. हत्तीचं पोट! ठाण्यात सगळे एकमेकांच्या तोंडाकडे बघायला लागले. आणि दारातला तरुण शिपाई, जो आदल्या दिवशीच बेळगावच्या बंदोबस्तावरून परतला होता, तो पुढे आला. "सायेब, बेळगावात परदर्शन आलंय. आकाशपाळणा, पोरांची रेल्वे, लई कायबाय हाय. त्येचं दारच पुठ्ठ्याच्या हत्तीचं केलंय. हत्तीच्या पोटातनं आत जायाचं!"

'बेळगाव' शब्द ऐकताच कोपऱ्यातली बाई हमसून हमसून रडायला लागली.

मी इतरांना बाहेर काढलं. वहिनींना तिच्याजवळ बसवलं आणि म्हणालो, "मावशी, आता सांगा. मी ऐकतोय."

तिने सांगितलं. ती भाचीच्या घरी बारशाला बेळगावला गेली होती. सकाळी प्रदर्शन बघायला गेली, तर हत्तीच्या मागच्या पायाशी हे पोर एकटं रडत उभं. नाव विचारलं, गाव विचारलं, तर एकच उत्तर, "आक्कोऽ, आक्कोऽ." ही निपाणी भागातली. तिला ऐकू आलं अक्कोळ, निपाणीजवळचं गाव! फुगेवाल्याने भर घातली, "अक्कोळची मंडळी टेंपो करून आलती, आत्ताच गेली." ही पोराला कडेवर घेऊन पळाली. टेंपो कधीच गेला होता.

"म्हनलं, मी त्याच वाटंनं चाललेय. अक्कोळला आईच्या वटीत घालीन आन माझ्या गावाला जाईन. पोलिसात द्यायचं भ्या वाटलं, सायेब."

"मग मला का नाही सांगितलंत?"

"खाकी बगितली, त्यात पोरं पळवनाऱ्या टोळीची आवई म्या बी ऐकल्याली. भ्यालो आन भनीचं म्हनून गेलो. येकदा खोटं घावल्यावर माझं खरं कोन ऐकनार हुतं?"

मी तिच्यापुढे पाण्याचा तांब्या ठेवला आणि फोनकडे वळलो.

बेळगावला तातडीचा ट्रंक कॉल लावला. पलीकडचा अधिकारी अक्षरशः ओरडला, "आहे का जिवंत?" मुलाची आई सांबऱ्याकडच्या शाळेत मास्तरीण. ट्रेनिंग कॉलेजातल्या तीन मैत्रिणी बऱ्याच वर्षांनी भेटल्या म्हणून चौघी पोराला घेऊन प्रदर्शनाला आल्या होत्या. पोर चौघींच्या कडेवर आळीपाळीने फिरत होतं. आणि घडायचं तेच घडलं. प्रत्येकीला वाटलं, पोर दुसरीकडे आहे. सकाळपासून बेळगावची माणसं पाळण्याखाली, विहिरीत, नाल्यात शोधत होती. निपाणीचं कुणाच्या स्वप्नातही नव्हतं.

चौघी आल्या तेव्हा दिवे लागले होते. आईने दारातच हात पसरले आणि पोराने वहिनींच्या मांडीवरून उडी टाकली, "आक्कोऽऽ!"

मी विचारलं, "बाई, हा तुम्हाला आक्का म्हणतो?"

"माझी सगळी भावंडं मला आक्का म्हणतात, साहेब. तोही तेच शिकला. कितीदा सांगितलं, आई म्हण!"

मी कपाळावर हात मारला. वहिनी तर हसता हसता डोळे पुसायला लागल्या.

एक मैत्रीण मात्र रागाने लाल झाली होती. ती त्या बाईवर कडाडली, "तिथंच पोलिसात द्यायला काय झालं होतं तुम्हाला? आमचा दिवसभर जीव गेला!" बाईने मान खाली घातली. आईने मैत्रिणीला हाताने थांबवलं. पोरासकट बाईजवळ जमिनीवर बसली आणि म्हणाली, "आम्ही चौघी शिकलेल्या, आम्हाला एक पोर सांभाळता आलं नाही. तुमच्या कडेवर होता म्हणून मला परत मिळाला." मग दोघीही रडल्या. हवालदार खिडकीकडे तोंड करून उगाचच खाकरत होते.

वरिष्ठांना मी कळवलं, गुन्हा घडलेला नाही. ते म्हणाले, "पळवलेलं मूल सोडवलं म्हणून तुमच्या ठाण्याला बक्षीस मिळेल, विचार करा." मी म्हणालो, "साहेब, पळवलंच नाही तर सोडवू कसं?" स्टेशन डायरीत जे घडलं तेच लिहिलं, माझ्या चुकीसकट. चोर सोडून संन्याशाला फाशी द्यायची वेळ आली होती आणि इथे तर मुळात चोरच नव्हता. बक्षीस गेलं. त्याचं मला कधी वाईट वाटलं नाही.

पण काम संपलं नव्हतं. आई पोराला घेऊन बेळगावला निघाली आणि ही बाई कोपऱ्यातून उठेना. बाहेर अजून तीस-चाळीस माणसं उभी होती. मी म्हणालो, "मावशी, जीपमधून बोरगावला सोडतो."

"नगं, सायेब. पोलिसाच्या गाडीतनं उतरल्याली बगितली तर गाव काय म्हनंल? आन स्टँडवरनं जायाचं तर ही मानसं हाईतच. मी जाऊ तरी कुनीकडनं?"

मला एकदम लाज वाटली. कायद्याने ती मोकळी होती, पण ठाण्याचा उंबरा काही तिला ओलांडवेना. आणि तिला भर गर्दीतून आणणारा मीच होतो.

मी टोपी घातली. "चला. चालत जाऊ."

भर बाजारातून मी तिच्या बरोबरीने चाललो. मागे हवालदार आणि वहिनी, आणि त्यांच्या मागे ती सगळी माणसं. स्टँडवर कंट्रोलरच्या खोलीत गेलो, गाड्यांची नावं पुकारायचा माइक मागून घेतला आणि माझ्या आयुष्यातलं पहिलं आणि शेवटचं भाषण केलं. "मी निपाणीचा फौजदार बोलतोय. दुपारी ज्या बाईंना मी इथून नेलं, त्यांनी कुणाचं पोर पळवलेलं नाही. बेळगावात हरवलेलं लेकरू त्यांनी दिवसभर जपलं. ते आईला मिळालं आहे. यांच्यावर संशय घेतला ही माझी चूक. ज्यांनी ज्यांनी यांना नावं ठेवली, त्यांनी आता इथं येऊन यांना नमस्कार करावा."

मग कॅन्टीनवाला पुढे आला आणि तिच्या पाया पडला. "चुकलं, मावशी. माज्यामुळं झालं समदं." मग आणखी एक जण आला, मग चार. बोरगावची गाडी लागली तेव्हा बाई दारात येताच आत बसलेल्या बायकांनी सरकून जागा केली. "या की वो आक्का, हितं बसा." ती ताठ मानेने चढली.

आरोपीला सोडल्याचा कागद आमच्याकडे असतो, त्यावर सही-शिक्का होतो. पण लोकांच्या तोंडात गेलेलं माणसाचं नाव परत आणायचा कागद कुठल्याच ठाण्यात नसतो. त्यासाठी फौजदाराने स्वतः चालत जावं लागतं, आणि जिथून माणूस उचलला तिथेच ते नाव परत ठेवावं लागतं. या केसने मला हे शिकवलं. त्या रविवारी मी चालत गेलो, याचा मला आजही अभिमान वाटतो.