गल्लीचा विस्तव

बीडला बिंदुसरेच्या काठी आमची कोष्ट्यांची गल्ली. शेजारची विधवा, तिची एकुलती लेक पटकीनं गेली, तेव्हापासून अंगणात दगड मांडून त्यांना भाकरी भरवायची. कुणी जवळ गेलं की तेच दगड भिरकावायची. एक माझ्या सासूच्या कपाळी बसला. मी जात्याच तापट. तडक पोलीस कचेरीत जाऊन अमीनसाहेबांपुढं आरडाओरडा केला. हुकूम निघाला: महिन्यात बरी झाली नाही, तर रवानगी पागलखान्यात. तिथून परतलेलं माणूस गल्लीनं पाहिलं नव्हतं. मीच केलं होतं, मलाच निस्तरायचं होतं.

सरकारी दवाखान्यातल्या हकीमसाहेबांचे पाय धरले. ते म्हणाले, "दवा देतो, बेटी. पन दवा पिऊन ती एकटीच बसनार असंल, तर काय फायदा? तिला काम द्या, मानसं द्या."

काम कसलं द्यायचं? गल्लीत काडेपेटी म्हणजे चैन. एका घरानं राखेखाली विस्तव राखायचा, सकाळी बाकीच्यांनी गोवरीवर तो न्यायचा, अशी रीत. तो मान आमच्या घरचा. मी म्हटलं, आता हा मान तिचा.

बायका उसळल्या. "येडीच्या हाती आग? तुजं बी डोकं फिरलं का गं?"

सासू कपाळावरची खोक दाखवून म्हणाली, "लागलं मला. मी गप हाय, तुमी कावून वरडता?"

दोन दिवस विस्तव विझला, गल्लीच्या भाकरी खोळंबल्या, मी शिव्या खाल्ल्या. तिसऱ्या सकाळी गेले तर तिनं त्याच दगडांची चूल मांडलेली, राखेखाली लाल निखारे. मला रडूच फुटलं.

मग जी विस्तवाला जाई, ती काढा पाजी, वेणी घाली, चार शब्द बोले. झोप लागली का, जेवली का, हे मी हकीमसाहेबांना कळवायचं. त्यावर ते दवा कमी-जास्त करत.

महिना भरला. शिपाई आला, दारात बसून तिला निरखत चिलीम भरली आणि विस्तव मागितला. बायका दारादारांत येऊन उभ्या राहिल्या. तिनं चिमट्यानं निखारा उचलला, फुंकर घातली, अलगद चिलमीवर ठेवला.

"हात जपा, दादा. आन पुन्यांदा येताना गोवरी आना."

शिपाई खो खो हसला. "अमीनसाबाला सांगतो, हितं येडी कुनी न्हाई. लई शानी बाई हाय!"

गल्लीत एकच गलका उठला. मी तिथंच डोळे पुसत उभी. तिनं मला दरडावलं, "रडती काय? भाकरी कवा टाकायच्या?"

मी जन्मात पहिल्यांदा उलटून बोलले नाही. मुकाट गोवरी पुढं केली.