खालच्या खोलीतल्या अकरा ओळी

मे महिन्यातल्या एका बुधवारी सकाळी मी कूलरच्या टाकीत पाण्याचा पाईप सोडला आणि विसरलो. आमच्या भागात याला कोणी गुन्हा म्हणत नाही. उन्हाळाभरात प्रत्येक घरातला कर्ता पुरुष हे चार-सहा वेळा करतो आणि घरातली बाई दर वेळी त्याला तेच ते ऐकवते. माझा खरा पराक्रम त्याच्या पुढचा आहे.

समोर हायवेवर जागेश्वरचं टायरचं दुकान आहे. तो फाटकापाशी आला आणि छत्तीसगडकडून आलेल्या कोणत्या ट्रकचं कोणतं चाक कुठं फुटलं ते सांगू लागला. विषय असा, की मध्येच सोडून जाणं बरं दिसत नाही. तोवर वरच्या गॅलरीतला कूलर भरला, उतू गेला, पाणी भिंतीवरून खाली आलं आणि खालच्या खोलीच्या उघड्या खिडकीतून आत गेलं.

खालच्या खोलीत आमची भाडेकरू राहते, प्रतिक्षा नंदागवळी. ती त्या वेळी बसस्टँडवर गेली होती. तिच्या आईनं, वच्छलाबाईंनी, गावाकडच्या कोणाच्या तरी हाती आंब्याचं लोणचं पाठवलं होतं. मी खिडकीतून पाहिलं तर फरशीवर पाणी, टेबलावर तिच्या कॉम्प्युटरच्या दोन काळ्या पेट्या, पेट्यांवर हिरवे दिवे लुकलुकताहेत, आणि दाराला तिचं कुलूप. माझ्या मनात एकच आलं, वीज आणि पाणी. धावत जाऊन मेन स्विच पाडला. तरी दिवे चालूच. तिचा इन्व्हर्टर आपलं काम करत होता. मी काही कच्चा नाही. जिन्याखाली जाऊन तोही बंद केला. दिवे गेले. घाम पुसून मी जागेश्वरला म्हणालो, "वाचवलं बा."

दहा मिनिटांत प्रतिक्षा आली. कुलूप उघडलं, उंबऱ्यावर चप्पल काढली, आत पाहिलं. टेबलाच्या चारही पायांखाली विटा होत्या. पाणी अर्ध्या विटेपर्यंतही चढलं नव्हतं.

"काका, मेन कोणी पाडला?"

"मी. एकदम टाइमावर."

"अन् इन्व्हर्टर?"

"तोही मीच."

तिनं मोबाईलवर वेळ पाहिली. "पस्तीस तास झाले होते," एवढंच म्हणाली. मग विचारलं, "काकूंकडं पोछा आहे का?"

तिनं आरडाओरडा केला असता तर मला बरं वाटलं असतं. चौतीस वर्षं पोस्टात काढली, त्यातली शेवटची नऊ इथंच लाखनीत पोस्टमास्तर म्हणून. शिव्या पचवायची सवय आहे. पोछा मागणाऱ्या माणसापुढं काय करायचं, याचं प्रशिक्षण खात्यानं दिलं नव्हतं.

ही मुलगी दोन वर्षांपूर्वी खोली पाहायला आली तेव्हाच मी हबकलो होतो. बाकीचे भाडेकरू नळ कधी येतो ते विचारतात. हिनं विचारलं, "अर्थिंग आहे का?" मी म्हणालो, असेल. तिनं पिशवीतून मीटर काढून मोजलं आणि म्हणाली, "नाही आहे." दुसऱ्या दिवशी स्वतः माणूस आणून करून घेतलं. मग कुलपावरून झालं. घरमालक म्हणून प्रत्येक खोलीची एक किल्ली माझ्याकडं असते, हा माझा जुना नियम. ती म्हणाली, "घर तुमचं, काका. कुलूप माझं." मी दोन दिवस रुसून पाहिलं. तिच्या ते लक्षातही आलं नाही.

नागपूरला इंजिनिअरिंग, मग पाच वर्षं बंगळुरू, आणि आता आमच्या खालच्या खोलीतून कॉम्प्युटरचं काम. बंगळुरू सोडून लाखनीला काहून आली, असं माझ्या बायकोनं, शकुनबाईंनी, विचारलं, तेव्हा आम्हाला वाटलं आईवडिलांची माया वगैरे काही ऐकायला मिळेल. ती म्हणाली, "हायवेनं केबल गेली आहे, नेट चांगलं आहे. आसगावले दुपारी बंद पडते." माया होतीच. दर शनिवारी ती आसगावला, आपल्या गावी, जायची आणि सोमवारी डोळ्यांखाली आईच्या हातच्या जेवणाची सूज घेऊन यायची. पण माया सांगायची गोष्ट आहे, असं तिला वाटत नव्हतं.

तर पस्तीस तास काय चाललं होतं, हे मला पाणी पुसता पुसता समजलं. मोठ्या कंपन्यांच्या एकेका दणकट कॉम्प्युटरात अनेक खोटे कॉम्प्युटर राहतात. त्यांना व्हर्च्युअल मशीन म्हणतात. मोठा तो यजमान, आतले ते पाहुणे. पाहुण्याला लागणारी मेमरी यजमान देतो, पण सगळी एकदम देत नाही, तुकड्या-तुकड्यांनी देतो; अशा एका तुकड्याला पान म्हणतात. पाहुण्यानं एखाद्या पानाला हात लावला आणि ते पान जागेवर नसलं की काम क्षणभर थांबतं, यजमान कुठून तरी रिकामं पान आणून जोडतो आणि काम पुढं चालतं. या थांबण्याला पेज फॉल्ट म्हणतात. आता पाहुण्याची काही पानं खाजगी असतात. ती यजमानानंच द्यायची, पण आत काय लिहिलंय ते त्यानं पाहायचं नाही.

"म्हणजे पोस्टासारखं," मी म्हणालो. "पाकीट पोचवायचं, वाचायचं नाही."

"नाही, काका. तुम्ही ठरवलं असतं त पाकीट फोडून वाचू शकले असते. इथं त्यानं ठरवलं तरी वाचता येत नाही."

"मग बँकेच्या लॉकरसारखं."

"लॉकर जागेवर असते. इथं पान मागितल्यावर आणावं लागते."

"मग घरमालकासारखं?"

तिनं पोछा पिळला आणि दाराच्या कुलपाकडं पाहिलं. हे उत्तर मला कळलं.

गोम अशी होती. कोणतं पान खाजगी आणि कोणतं सामायिक, याची यजमान नोंद ठेवतो. फॉल्ट आला की नोंद पाहायची आणि त्याप्रमाणं पान आणायचं. पण पान आणता आणताच पाहुण्यानं आपला विचार बदलला, नोंद बदलली, जुनं पान परत घेतलं गेलं, आणि आणणाऱ्याला पत्ताच नाही, तर? तो हातातलं जुनं पान जोडून मोकळा होतो. आता पाहुण्याकडं असं पान आहे, जे हिशेबानं त्याचं राहिलेलंच नाही. हे क्वचित घडतं. तिच्या पेटीवर चाळीसेक तासांतून एकदा. प्रतिक्षानं ही फट शोधली होती आणि बुजवायला प्रोग्रामच्या तेवीस ओळी लिहून जगातल्या या कामाच्या सगळ्या लोकांना ईमेलनं पाठवल्या होत्या. ते सगळं उघड्यावर चालतं. कोणीही वाचावं, कोणीही चूक काढावी.

आणि कुठल्याशा थंड देशातल्या एका जाणत्या माणसानं सगळ्यांसमोर लिहिलं होतं की, हे कागदावर ठीक आहे, प्रत्यक्षात असं घडू शकेल असं मला वाटत नाही.

"मोठा शहाणा दिसतो," मी म्हणालो.

"बरोबर आहे त्याचं. दाखवलं नाही त कायले मानल तो?"

दाखवायला पुढच्या मंगळवारपर्यंत मुदत होती. त्यानंतर प्रोग्रामच्या त्या नव्या आवृत्तीचं दार बंद, पुढचं उघडायला दोन-अडीच महिने. तोवर ती फट तशीच, आणि तिचं म्हणणं खोटं. म्हणून ती पेटी रात्रंदिवस तेच ते करत होती, चूक पकडायला. पस्तीस तासांनी मी तिला वाचवलं.

बुधवारी दुपारी बाराला तिनं पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं. आता अडचण व्होल्टेजची. दुपारी सगळं लाखनी कूलर लावतं, दाब पडतो, तिचा इन्व्हर्टर बॅटरी खातो. तिनं काही मागितलं नाही. मीच जाहीर केलं की चूक माझी आहे, तेव्हा आपल्या घरचे दोन्ही कूलर बंद राहतील. पारा शेहेचाळीसवर होता.

"पाईप तुम्ही विसरले," शकुनबाई म्हणाल्या, "अन् शिक्षा मले काहून?"

पण त्यांनीच ओला टॉवेल डोक्यावर घेऊन दोन दिवस काढले, आणि दर तासाला मला खाली पाठवलं. "विचारा, आली का चूक?" एखाद्या घरात पाहुण्याची वाट पाहावी तशी आमच्या घरात चुकीची वाट पाहणं चाललं होतं. जागेश्वर दुकानातून हाक मारून विचारायचा, "मास्तर, बिघडलं का?" मी म्हणायचो, अजून नाही, आणि तो हळहळायचा.

शुक्रवारी दुपारी पावणेचारला प्रतिक्षा बाहेर आली. दाराच्या चौकटीला टेकली.

"आली," म्हणाली.

मी कूलर सुरू केला. शकुनबाईंनी तिच्या हातात पन्ह्याचा ग्लास दिला आणि पहिल्यांदाच मी तिला सगळे दात दिसतील एवढं हसताना पाहिलं. संध्याकाळपर्यंत तिनं सगळा पुरावा पाठवून दिला. कोणत्या क्षणी नोंद बदलली, कोणत्या क्षणी जुनं पान जोडलं गेलं, सगळं ओळीनं.

शनिवारी ती गावी गेली नाही, तर तिचे वडील परसराम आले. फाटकातून "जय भीम, मास्तर" म्हणाले, लाखोळीच्या डाळीची पिशवी शकुनबाईंकडं दिली आणि पोरीच्या दारात, पायरीवर बसले. परसरामजी आसगावच्या तलावावर पाणकर होते. कोणाच्या धानाच्या बांधीत किती वेळ पाणी सोडायचं, हे अर्धं आयुष्य त्यांनी पाहिलं. मी त्यांना सगळी हकीकत सांगितली. पान, नोंद, मध्येच बदललेला विचार. मी पुष्कळ रंगवून सांगितली. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि पोरीकडं वळले.

"मंग तो पान जोडाच्या पयले पुन्हा एकडाव पायत नाही का? आमी त पाट उघडाच्या पयले मागं वळून पायतो. चालत येता येता कोणाचा बांध फुटला असन, कोणाले पाणी नको झालं असन."

"नव्हता पाहत, बाबा. आता पाहील."

"एवढंच लिहिलं?"

"एवढंच."

"मंग एवढा टाइम काहून लागला?"

माझ्या तीन उपमा नाकारणाऱ्या मुलीनं बापाच्या पाटाला एका शब्दानं हरकत घेतली नाही, हे मी नोंदवून ठेवलं. थोडा मत्सर वाटला. मग वाटलं, परसरामजी म्हणाले ते खरंच तसं आहे, तर ती तरी काय नाकारणार.

त्याच संध्याकाळी थंड देशातलं उत्तर आलं. तिनं वाचून दाखवलं. "माझं चुकलं. हे घडतं." आणि खाली, ओळी कमी करता येतील का, असं विचारून चार सूचना. चौतीस वर्षांत कोणत्याही वरिष्ठानं चारचौघांत 'माझं चुकलं' लिहिल्याचं मी पाहिलेलं नाही. मी स्वतः पोस्टमास्तर होतो आणि मीही लिहिलेलं नाही. प्रतिक्षाला मात्र त्या पहिल्या वाक्याचं काही नव्हतं. ती सूचनांपाशी गेली. तीन मानल्या, चौथी का मानता येत नाही ते लिहिलं. रविवारी तेवीसच्या अकरा ओळी झाल्या होत्या. सोमवारी, मुदतीच्या एक दिवस आधी, त्या घेतल्या गेल्या. तिकडून आलेला निरोप दोन शब्दांचा होता, "घेतलं. आभार."

तिला तेवढं पुरलं. आम्हाला पुरणार नव्हतं. आमच्याकडं दहावीत साठ टक्के पडले तरी चौकात फ्लेक्स लागतो. इथं तर माझ्या खालच्या खोलीत लिहिलेल्या अकरा ओळी कुठल्या कुठल्या देशांतल्या मशीनवर चालणार होत्या. बँकांच्या, दवाखान्यांच्या, ज्यांना लाखनी कुठं आहे हे कधीच कळणार नाही अशांच्या. मी जागेश्वरला घेऊन वीरेंद्रच्या फ्लेक्सच्या दुकानात गेलो. वीरेंद्रनं विचारलं, "पोरीनं केलं काय, मास्तर?" मी पेज फॉल्ट सांगितला. त्यानं खुर्ची फिरवून विचारलं, "पोलीस भरतीत लागली असं लिहू का?"

शेवटी मजकूर मीच तयार केला, दोनदा खोडला, आणि छापायच्या आधी दाखवावा म्हणून कागद घेऊन खाली गेलो. दारावर टकटक केली. आता मी टकटक करतो. मजकूर असा होता: 'जगभरातील संगणकांच्या खाजगी स्मृतीचे रक्षण करणारी लाखनीची सुकन्या कु. प्रतिक्षा परसराम नंदागवळी हिचे हार्दिक अभिनंदन. शुभेच्छुक: समस्त लाखनीकर.' बाजूला तिच्या फोटोला जागा, खाली माझ्या आणि जागेश्वरच्या फोटोला जरा जास्त.

तिनं कागद हातात घेतला. एकदा वाचला, मग पुन्हा पहिल्यापासून, बोटानं ओळ धरून, एकेक शब्द तपासत. अकरा ओळी तिनं अशाच तपासल्या असणार. मला अभिमानानं भरून आलं. एवढा मोठा मजकूर आपण लिहावा आणि अशा मुलीनं तो असा वाचावा.

"एखादी चूक सापडली का?" मी विचारलं.

"काका, मी आसगावची आहो."