वच्छलाबाईंचा बिडाचा नळ

शेगडीवरचा धुराचा पत्र्याचा नळ उतरवून वच्छलाबाईंनी अंगणात आडवा टाकला आणि त्याला विळ्याचं टोक नुसतं टेकवलं. टोक आरपार गेलं. त्यांनी दुसरीकडे टेकवलं. तिथंही तेच.

"नवा आणू पत्र्याचा," त्यांचे यजमान कौतिकभाऊ ओट्यावरून म्हणाले. "दगडी कोयशाचा धूरच तसा. पत्रा खातो."

"पत्रा खातो, अन् माणसाले सोडतो का?"

कौतिकभाऊंनी उतरून नळ भिंतीकडेला सारला.

फैजपूरच्या त्या आळीत शहाऐंशी सालीही बहुतेक चुली पऱ्हाट्यांवर चालत. कपाशीच्या त्या वाळक्या काड्या होळीपर्यंत कशाबशा पुरत, पुढे रॉकेलच्या रांगा. वच्छलाबाईंनी मात्र विटांची पक्की शेगडी बांधून घेतली होती आणि भुसावळहून दगडी कोळसा मागवायला सुरुवात केली होती. सकाळी पेटवली की दिवसभर आच. कोळशावर त्यांचा राग नव्हता. राग होता तो कोंडलेल्या हवेवर.

त्यांच्या पहिल्या बाळंतपणाची खोली अशीच कोंडलेली होती. पौषातली थंडी. रीतीप्रमाणे बाजेखाली निखाऱ्यांची शेगडी ठेवलेली, खिडकीच्या फटींत चिंध्या कोंबलेल्या, दाराला गोधडी टांगलेली. बाळंतिणीला वारं लागू नये म्हणून मोठ्या नणंदेनं, तानुअक्कांनी, ते सगळं स्वतःच्या हातानं, अगदी मायेनं केलं होतं. सकाळी दार उघडलं तेव्हा वच्छलाबाईंना ओढतच बाहेर आणावं लागलं. उलट्या थांबेनात. मुलगा मात्र हललाच नाही. कुणी म्हणालं सटवाई कोपली, कुणी म्हणालं बाहेरचं लागलं. वच्छलाबाई कुणाशी वादाला गेल्या नाहीत. पुढे बरेच दिवस डोकं ठणकत राहिलं आणि जिभेवर कोळशाची चव राहिली, ती त्यांनी कधी पुसू दिली नाही.

आता त्यांची मंदा पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. दिवस मार्गशीर्षात भरत होते, आणि यंदा थंडीनं केळीची पानंसुद्धा करपवली होती.

"बाजेखाली शेगडी ठेवायची नाई," वच्छलाबाईंनी सांगून टाकलं.

"अव वच्छले, पोरगी गारठून जाईन!" मंदाच्या बाळंतपणासाठी मुद्दाम आलेल्या तानुअक्का कपाळावर हात मारून म्हणाल्या. "आमच्या सात पिढ्या शेगडीवरच शेकल्या ना?"

"शेक मिळंल अक्का. निखारे नाई मिळायचे."

वच्छलाबाईंच्या डोक्यात होतं ते असं. स्वयंपाकघरातली शेगडी तिथंच राहील. तिचा नळ मधल्या भिंतीतून बाळंतिणीच्या खोलीत न्यायचा, कोपऱ्यातून वर चढवायचा आणि धाब्यातून, म्हणजे मातीच्या सपाट छतातून, बाहेर काढायचा. नळ तापला की खोली ऊबदार. आग एका खोलीत, ऊब दुसऱ्या खोलीत.

कौतिकभाऊंच्या हातातला तंबाखू तसाच राहिला. "म्हंजे धूर तू बाळंतिणीच्या खोलीतूनच नेणार? नळाले एक भोक पडलं तं?"

"म्हनून तं पत्रा नको म्हंते."

"वखारीत आम्ही धुरावरच केळी पिकवतो," खर्चाच्या धास्तीनं कौतिकभाऊंनी बोलणं फिरवलं. "एवढं काई व्हत नाई धुरानं."

"केळी पिकतात. माणसं पिकत नाईत."

तरी त्यांचा भोकाचा प्रश्न वच्छलाबाईंना रात्रंदिवस टोचत राहिला, कारण तो खरा होता. चुकीचा नळ निवडला, तर जी गोष्ट त्या टाळू पाहत होत्या तीच स्वतःच्या हातानं लेकीच्या उशाशी आणून ठेवणार होत्या.

ग्रामसेवकांकडे निर्धूर चुलीच्या योजनेतले सिमेंटचे नळ आले होते. कौतिकभाऊ त्यातला एक खांद्यावर घालून घरी आले ते विजयी मुद्रेनं. ग्रामसेवक मागोमाग आले आणि प्रामाणिकपणे म्हणाले, "ताई, हा लाकडाच्या चुलीसाठी आहे. दगडी कोळशाची आच याला सोसेल की नाही, मी सांगू शकत नाही."

"मग त्यालेच विचारू," वच्छलाबाई म्हणाल्या.

नळाचा तुकडा त्यांनी अंगणातल्या लालबुंद कोळशांवर उभा केला. अर्धी आळी बघायला जमली. बराच वेळ काहीच झालं नाही, आणि कौतिकभाऊंच्या मिशा हळूहळू वर चढू लागल्या. मग फटाका फुटावा तसा आवाज झाला आणि नळाला वरपासून खालपर्यंत चीर गेली. बायका ओरडून मागे सरल्या. वच्छलाबाईंचं लक्ष मंदाकडे होतं. दाराशी उभी होती पोरगी, पोटावर हात धरून.

राहिला बिडाचा नळ. जाड, ओतीव लोखंडाचा, बंगल्यांच्या मोरीला लावतात तसला. जळगावहून आणलेला तो नळ बैलगाडीतून उतरवताना दोन माणसं लागली. तानुअक्का म्हणाल्या, "हे काय, तोफ आणली का व?"

धनसिंग मिस्त्रीनं तो बसवला. मातीच्या धाब्याखाली सागाच्या कड्या असतात, तापलेला नळ त्यांना टेकू नये म्हणून भोवती विटांचं कडं केलं. जोडांत न जळणारी दोरी ठासून वरून लिंपण केलं. मग वच्छलाबाईंनी शेगडीत मुद्दाम ओला पाला जाळला आणि खोलीत बसून एकेका जोडाशी नाक नेलं. मंदा हसली, "माय, नळाचे पापे घेऊ राह्यली का?" वच्छलाबाई हसल्या नाहीत. हवा खेळावी म्हणून खोलीच्या झरोक्यातली एक वीटही त्यांनी काढून ठेवली; दारावरची गोधडी तेवढी तानुअक्कांच्या हट्टाखातर राहू दिली.

मंदाला मुलगी झाली. सगळं सुखरूप. पाचवीच्या दिवशी घरात पुरणाचा घाट होता, शेगडी भरून पेटली होती. दुपार कलली आणि आभाळ एकाएकी काळवंडलं. अवकाळी पावसाचे टपोरे थेंब धाब्यावर पडू लागले.

वच्छलाबाई पुरण ढवळत होत्या. अचानक त्यांचे डोळे झोंबले. शेगडीच्या तोंडातून पिवळट धूर मागे येत होता. आधी वाटलं, वाऱ्याचा झोत असेल. पण धूर थांबेना. वर जायचा तो धूर गुदमरलेल्या माणसासारखा उलटा फिरला होता, आणि जिभेवर ती जुनी चव आली.

हातातला कालथा पडला. त्या खोलीकडे धावल्या, दारावरची गोधडी ओरबाडून काढली. मंदा भिंतीकडे तोंड करून झोपली होती. कुशीत बाळ. दोघीही हलत नव्हत्या.

"मंदे! ए मंदे!"

मंदा दचकून उठली. "काय झालं माय?"

वच्छलाबाईंनी बाळ उचललं. ते चवताळून रडलं. तशाच दोघींना घेऊन त्या ओसरीवर आल्या.

शिडीवरून उतरणाऱ्या तानुअक्का ओरडल्या, "अव माय! बाळंतिणीले पावसात काढलं! वारं लागीन ना तिले!"

"अक्का, वर काय करू राह्यल्या व्हत्या?"

"साणं झाकाले गेल्ती." उजेडासाठी धाब्याला ठेवलेलं भोक म्हणजे साणं. पाऊस आला की जो मोकळा असेल त्यानं वर जाऊन त्याच्यावर घमेलं पालथं घालायचं, ही तिकडच्या प्रत्येक घराची सवय. "अन् तुह्या नयाचं तोंड उघडंच व्हतं. पाणी जाईन म्हनून त्याच्यावरबी घातलं घमेलं. दगड ठिवला वरून, उडू नये म्हनून."

कौतिकभाऊंनी पुढचं ऐकलंच नाही. अनवाणी शिडी चढले. वर लोखंडाचा खणखणाट झाला, दगड गडगडला, आणि कोंडलेला धूर भसकन आभाळात गेला.

वच्छलाबाई पुन्हा खोलीत गेल्या. जोडाशी नाक नेलं. दुसऱ्या जोडाशी नेलं. काही नाही. नळ तापलेला होता, खोली कोरडी आणि स्वच्छ होती. तोंड बंद होऊनही नळानं धूर खोलीत एवढासुद्धा सोडला नव्हता. सगळाच्या सगळा परत पाठवला होता शेगडीपाशी, जिथं त्या बसल्या होत्या. चाळण झालेला पत्रा असता तर? त्यांनी तो विचार तिथंच टाकला आणि भिंतीला टेकून खाली बसल्या.

बाहेर आल्या तेव्हा तानुअक्का ओसरीवर उकिडव्या बसल्या होत्या. कौतिकभाऊंनी खाली आणलेलं घमेलं मांडीवर होतं, आतून काळंकुट्ट. ते काळं त्या बोटानं पुसत होत्या आणि बोटाकडे बघत होत्या.

"वच्छले," त्या म्हणाल्या, "तव्हाची गोधडीबी म्याच लावली व्हती ना व."

पाऊस पडत होता. इतक्या वर्षांत हे वाक्य कुणीच बोललं नव्हतं. वच्छलाबाईंनी रडणारं बाळ मंदाकडून घेतलं आणि अक्कांच्या मांडीवर, घमेलं बाजूला सारून, ठेवलं.

"धरा हिले. पुरण करपलं असंल माझं."

दुसऱ्या दिवशी धनसिंगला निरोप धाडला तो तानुअक्कांनीच. नळाच्या तोंडावर तीन पायांची लोखंडी टोपी बसवून घेतली. पाऊस आत जाणार नाही, आणि कुणाला घमेलंही घालता येणार नाही. शिडीशी उभं राहून त्यांनी ती स्वतः बसवून घेतली.

पुढे गॅस आला, शेगडी माळ्यावर गेली. नळ मात्र कोपऱ्यात तसाच उभा राहिला. तानुअक्का माहेरी आल्या की पायावर पाणी घेण्याआधी अंगणात थांबत, कपाळावर हात धरून वर बघत आणि हाक मारत.

"वच्छले, तोंड मोकयं हाये ना व नयाचं?"

"हाये अक्का. या आत."