सुतकाचा रकाना

लग्न होऊन अवसरीला आले तेव्हा माझ्या सामानात एक जुना संगणक होता. जुन्नरच्या बाजारपेठेत ज्या क्लासात मी शिकले आणि पुढे शिकवलं, त्या क्लासाने तो मोडीत काढला होता. सासरी तो मागच्या खोलीत धान्याच्या कोठीशेजारी ठेवला गेला. दोन महिन्यांत मी त्याच्यावर गावच्या पाणीसंस्थेसाठी एक प्रोग्रॅम लिहिला. कुणी सांगितलं नव्हतं. खरं सांगायचं तर भांगलणीला, रानातलं तण काढायला, जायचं टळावं म्हणून लिहिला.

संस्था म्हणजे नदीवरच्या मोटारी, तिथून वर आणलेला पाइप आणि त्यावर भिजणारी पन्नासेक घरांची रानं. प्रत्येकाची पाळी चौथ्या दिवशी. माझे सासरे, त्यांना मी मामा म्हणते, संस्थेचे सेक्रेटरी. पूर्वी उद्या पाळी कुणाची हे ते फोन करकरून सांगायचे. माझा प्रोग्रॅम आदल्या संध्याकाळी आपोआप मेसेज पाठवू लागला: उद्या दुपारी दोन ते पाच तुमची पाळी. मामा चार लोकांत सांगू लागले की आमच्या सूनबाईंनी केलंय. मलाही लई भारी वाटायचं, खोटं कशाला बोलू.

बारा वर्षं झाली त्याला. भांगलण टळली ती टळलीच, पण मी दावणीला बांधले गेले. माहेरी जुन्नरला जाऊन दोन दिवस झाले की मामांचा फोन, मेसेज गेला नाही, कधी येतेस. मेसेज नेमका मी माहेरी गेल्यावरच कसा जात नाही, हे मला आजवर कळलेलं नाही. नवऱ्याला बोललं की तो म्हणायचा, बाबांना विचार. तो चाकणला कारखान्यात शिफ्ट करतो. त्याला कुणाला विचारावं लागत नाही.

या वर्षी मला पुण्यात नोकरी मिळाली. चार दिवस तिकडे वसतिगृहात राहायचं, तीन दिवस घरी. सोमवारी रुजू व्हायचं होतं. मी मामांना विचारलं तेव्हा ते नाही म्हणाले नाहीत. प्रोग्रॅमचं तेवढं मार्गी लाव आणि मग बघू, असं म्हणाले. आमच्या घरात ‘मग बघू’ म्हणजे काय ते मला पहिल्या वर्षीच समजलं होतं.

मार्गी लावायचं होतं ते असं. माझा प्रोग्रॅम पीएचपी या भाषेत आहे. ही भाषा फुकट मिळते, ती कुणा एकाच्या मालकीची नाही, जगभरातले लोक मिळून तिची डागडुजी करतात आणि नव्या आवृत्त्या काढतात. प्रोग्रॅम इंटरनेटवर ठेवायला ज्या कंपनीकडे मी जागा भाड्याने घेतली होती त्यांचं पत्र आलं की जुनी सातवी आवृत्ती आता बंद, अमुक तारखेपासून फक्त आठवी. आठवीत काय काय बदललंय त्याची यादी मी उघडून बसले. या लोकांची एक रीत मला फार आवडते. एखादी गोष्ट काढायची असली तर ते आधी सांगतात की ही जाणार आहे, वापरू नका. एक-दोन आवृत्त्या नुसता इशारा देत राहतात आणि मगच ती काढतात. आमच्याकडे कुणी कुणाला काढतही नाही आणि जाऊही देत नाही.

यादी लांबलचक होती. जिथे पूर्वी भाषा हळूच कुरकुरायची तिथे आता ती जोरात ओरडणार होती, आणि जिथे ओरडायची तिथे कामच थांबवणार होती. आठवडाभर स्वयंपाक उरकून मी कोठीशेजारी बसायचे आणि जे ओरडेल ते दुरुस्त करायचे. यादीत एक ओळ होती की शून्य आणि अक्षरं यांची तुलना आता निराळी होईल. पूर्वी कुठल्याही शब्दाला ‘तू शून्य आहेस का’ असं विचारलं तर ही भाषा हो म्हणायची. आता म्हणणार नव्हती. मी ती ओळ वाचली, हे आपल्याला कशाला लागतंय म्हटलं आणि पुढे गेले. शनिवारपर्यंत सगळं बिनतक्रार चालू झालं. मी बॅग भरायला काढली.

इथे मला एक जुनी लबाडी कबूल करायला हवी. प्रोग्रॅममध्ये प्रत्येक घरापुढे एक रकाना आहे. या पाळीला पाणी हवं असेल तर एक लिहायचा, नको असेल तर शून्य. शून्य दिसला की प्रोग्रॅम ते घर सोडून पुढे जातो. आमच्याकडे ज्या घरात मयत होते ते घर तेराव्यापर्यंत पाळी घेत नाही, शेजारचा घेतो आणि नंतर फेडतो. तर पहिल्यांदा एका घरी मयत झाली तेव्हा मामांनी त्या रकान्यात आकडा लिहायच्या ऐवजी अक्षरांत ‘सुतक’ असं टाकलं. मी म्हटलं, मामा, तिथे शून्य टाकायचा.

“मेलेल्या मानसाच्या नावापुढं शून्य घालायचा नसतो,” ते म्हणाले.

मी घाबरले, आता प्रोग्रॅम बंद पडणार. तो बंद पडला नाही. त्याने ते घर गुपचूप सोडलं आणि मेसेज शेजाऱ्याला गेला. सुतक म्हणजे शून्यच, असं भाषेने स्वतःच धरलं होतं. मामा खूश झाले, तू तशी सोय केलीस व्हय म्हणाले. मी हो म्हटलं. बारा वर्षं त्या ‘हो’वर चाललं होतं.

या वेळी सुतक आमच्या वस्तीवरच्या काकींच्या घरी होतं. काका जाऊन सात दिवस झाले होते. शनिवारी संध्याकाळी मेसेज काकांच्या मोबाइलवर गेला: उद्या दुपारी दोन ते पाच तुमची पाळी. आठव्या आवृत्तीच्या लेखी सुतक म्हणजे शून्य नव्हतं. म्हणजे ती मामांच्या बाजूची निघाली.

रविवारी शेजारच्या रानाचा मालक रीतीप्रमाणे काकींची पाळी घ्यायला गेला, तर रानात काकी. लुगडं खोचून, खोरं हातात घेऊन, कांद्याच्या वाफ्यांची दारं धरत चिखलात उभ्या. आठव्या दिवशी, नवरा गेलेली बाई. तो मागे फिरला आणि थेट आमच्या ओट्यावर आला. तासाभरात तिथे दहा माणसं जमली. काकींना कुणी काही विचारलं नाही. सगळे माझ्याकडेच बघत होते. भाषा बदलली, असं मी सांगून पाहिलं. एकजण म्हणाला, मराठीच हाय की, काय बदलली. मग त्यांचं आपसात ठरलं की ही इथे असताना असं होतंय, तर गेल्यावर काय व्हायचं. मामांनीही मान डोलावली. मी दारात उभी होते आणि माझ्याबद्दलच चाललं होतं, पण मला कुणी बस म्हणालं नाही.

आत येऊन मी ती ओळ शोधली. पाच मिनिटांचं काम. एक सोडून काहीही लिहिलेलं असेल तर घर सोडून दे, एवढंच लिहायचं होतं. लिहिताना मला रडू येत होतं आणि रागही येत होता. कुणाचा ते ठरवता येत नव्हतं. बारा वर्षांपूर्वी ‘हो’ म्हणणाऱ्या पोरीचा असावा. लिहून झालं, तपासलं. सुतक पुन्हा शून्य झालं.

मग काकींकडे गेले. माफी मागायची होती. त्या पाय धुऊन खोलीत भिंतीला टेकून बसल्या होत्या, काकांचा मोबाइल मांडीवर. नखांत अजून माती होती. मी म्हटलं, काकी, माझी चूक झाली, तो मेसेज यायलाच नको होता, तुम्हाला उगाच रानात जावं लागलं.

“चुकून आलता व्हय,” त्या म्हणाल्या. “मला वाटलंच व्हतं.”

मग गेलात कशाला, असं मी विचारलं नाही, पण तोंडावर दिसलं असणार. त्या सांगू लागल्या. सात दिवस याच कोपऱ्यात होत्या. येणारी प्रत्येक बाई त्यांना बसा बसा म्हणत होती. मोबाइल वाजला, त्यांनी वाचलं, आणि रात्रभर तेच डोक्यात होतं की रानात कांदा वाट बघतोय. पाण्यात पाय ठेवल्यावर त्यांना पहिल्यांदा रडायला आलं. तोवर नुसत्या बाकीच्या बायकाच रडत होत्या. मग त्यांनी बाराव्या दिवशी पुन्हा पाळी येते का विचारलं. मी सांगितलं की आता मेसेज येणार नाही, मी दुरुस्त केलंय. मला दुसरीकडे बघावं लागलं.

“तू सोमवारची जानार व्हतीस ना?” त्यांनी विचारलं.

मी म्हटलं, मामा अजून जा म्हणालेले नाहीत.

त्यांनी नखातली माती काडीने काढत काढत मला सांगितलं, “आपल्यासारखीला जा असं कुनी म्हनत नसतं. मला चुकून म्हनलं, तरी मी गेले. तुला तर चुकून बी कुनी म्हनायचं न्हाई.”

घरी आले तेव्हा ओट्यावरची माणसं गेली होती, मामा एकटेच होते. त्यांच्या वहीत मी प्रोग्रॅमचा पासवर्ड लिहिला, रकान्यात काय लिहिलं की काय होतं तेही लिहिलं, आणि सुतकाची सोय मी कधीच केलेली नव्हती हेसुद्धा. ते बराच वेळ वाचत बसले. मग मी त्यांना सांगितलं की उद्या मी सातच्या एसटीने जाणार आहे.